पैसा जनतेचा, चिप कोणाची?

सप्टेंबर २०२२ मध्ये वेदांत आणि फॉक्सकॉन या दोन कंपन्यांचा १ लाख ५४ हजार कोटी रुपयांचा नियोजित चिप-प्रकल्प तळेगावला न येता गुजरातेत जाणार, असे जाहीर झाले, तेव्हा महाराष्ट्राच्या राजकारणात केवढा गदारोळ माजला होता! सत्ताधाऱ्यांनी विरोधकांवर आणि विरोधकांनी सत्ताधाऱ्यांवर खापर फोडले. महाराष्ट्राच्या अस्मितेच्या आणाभाका झाल्या. बेकार तरुणांच्या नावाने अश्रू ढाळण्यात आले. पुढे जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉनने त्या भागीदारीतून अंग काढून घेतले आणि तो प्रकल्प ना महाराष्ट्रात उभा राहिला, ना गुजरातेत. ज्या वस्तूसाठी दोन राज्ये हमरीतुमरीवर आली, ती वस्तू कागदावरच विरून गेली.

या साऱ्या कोलाहलात एक साधा प्रश्न मात्र बाजूलाच राहिला. कारखाना कोठे होणार, यावर रणे माजली. पण त्यात जनतेचा पैसा किती जाणार आणि त्या पैशाच्या मोबदल्यात जनतेच्या पदरी कोणती मालकी पडणार, हे विचारण्याची आवश्यकता फारशी कोणास वाटली नाही. प्रस्तुत लेखक अर्थशास्त्राचा विद्यार्थी आहे, इलेक्ट्रॉनिक्सचा नव्हे. परंतु हा प्रश्न मुळात अर्थशास्त्राचा, किंबहुना राजकीय अर्थशास्त्राचा आहे. आणि तो तज्ज्ञांच्या हाती सोपवून स्वस्थ बसणे समाजवादी चळवळीला परवडणारे नाही.

लेखक, छापखाना आणि बांधणी

चिप ही काय वस्तू आहे, हे प्रथम नीट समजून घेतले पाहिजे. सिलिकॉनच्या नखाएवढ्या तुकड्यावर ट्रान्झिस्टर नावाचे अतिसूक्ष्म खटके कोरलेले असतात. १९७१ साली इंटेल कंपनीने काढलेल्या ४००४ या चिपवर असे २,३०० खटके होते. २०२४ साली एनव्हिडिया कंपनीने जाहीर केलेल्या ब्लॅकवेल चिपमध्ये दोन तुकडे एकमेकांस जोडून त्यांवर २०८ अब्ज खटके बसवले आहेत. अर्धशतकात झालेली ही झेप मानवी बुद्धीच्या इतिहासात तोड नसलेली आहे, हे खुल्या मनाने मान्य करावे. समाजवाद्यांचे भांडण विज्ञानाशी कधीच नव्हते. ते आहे विज्ञानाच्या मालकीशी.

चिपनिर्मितीचे टप्पे एखाद्या ग्रंथाच्या निर्मितीसारखे असतात. प्रथम भाषा लागते: चिपला कोणत्या आज्ञा समजतील, हे ठरवणारा आज्ञासंच म्हणजे ती भाषा. त्या भाषेत चिपचा आराखडा तयार होतो; तो म्हणजे हस्तलिखित. अब्जावधी खटक्यांचा आराखडा हाताने काढणे अशक्य असल्यामुळे त्यासाठी संगणकावरील खास साधने लागतात. ती म्हणजे लेखणी. मग प्रकाशाच्या साहाय्याने तो आराखडा सिलिकॉनच्या चकतीवर, म्हणजे वेफरवर, उमटवणारा कारखाना येतो, तो छापखाना. अखेरीस चकतीचे तुकडे कापून, त्यांना तारा व वेष्टण लावून, तपासून बाजारात धाडायचे. ही झाली बांधणी.

या साखळीत मोक्याच्या जागा कोणाच्या हाती आहेत? सर्वात सूक्ष्म छपाईसाठी लागणारी, १३.५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशावर चालणारी यंत्रे जगात एकच कंपनी बनवते: नेदरलँड्समधील एएसएमएल. लेखणीच्या बाजारावर सिनॉप्सिस, केडन्स आणि सीमेन्सच्या मालकीची एक, अशा तीन कंपन्यांचे प्रभुत्व आहे. हातातल्या जवळजवळ प्रत्येक मोबाइल फोनमधील चिप ज्या भाषेत बोलते, त्या भाषेची मालकी ब्रिटनमधील आर्म या कंपनीकडे आहे. ती भाषा वापरायची तर परवान्याचे पैसे मोजावे लागतात आणि विकल्या गेलेल्या चिपमागे बहुधा रॉयल्टीही. २०१६ साली जपानच्या सॉफ्टबँकेने ही कंपनी सुमारे ३२ अब्ज डॉलरना विकत घेतली. एक भाषा विकत घेण्यासाठी मोजलेली ही किंमत आहे! ग्रंथव्यवहारात जसा खरा हक्क लेखकाचा, तसा चिपव्यवहारात खरा नफा आराखड्याच्या आणि भाषेच्या मालकाचा. गावात छापखाना आला म्हणून गावात वाङ्मय निर्माण होत नाही.

आपला पैसा कोठे जातो?

आता आपल्या सरकारच्या योजनेकडे वळू. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने चिप-उद्योगासाठी ७६ हजार कोटी रुपयांचा कार्यक्रम मंजूर केला. त्यांपैकी आराखडे तयार करणाऱ्या देशी उद्योगांना प्रोत्साहन देण्याच्या योजनेसाठी ठेवलेली रक्कम होती १ हजार कोटी. म्हणजे शंभर रुपयांतले जेमतेम एक रुपया बत्तीस पैसे लेखकाला आणि उरलेले प्रामुख्याने छापखान्याला व बांधणीवाल्याला!

गुजरातेतील साणंद येथील मायक्रॉन या अमेरिकी कंपनीच्या प्रकल्पाचे उदाहरण घ्या. जून २०२३ मध्ये तो जाहीर झाला. एकूण खर्च २ अब्ज ७५ कोटी डॉलर. त्यातला निम्मा केंद्र सरकार देणार, आणखी वीस टक्के गुजरात सरकार देणार आणि कंपनी स्वतः घालणार उरलेले तीस टक्के. शंभरातले सत्तर रुपये भारतीय करदात्याचे आणि कारखाना मात्र संपूर्णपणे मायक्रॉनचा. तेथे चिप छापलीही जात नाही; अन्यत्र छापलेल्या चिपची जुळणी व तपासणी, म्हणजे केवळ बांधणी होते. कंपनीने सांगितलेल्या प्रत्यक्ष नोकऱ्या ५ हजार. सत्तर टक्के रकमेला पाच हजारांनी भागले, तर त्या वेळच्या विनिमयदराने एका नोकरीमागे जनतेचे तीन कोटी रुपयांहून अधिक पडतात. कंपनी म्हणते त्याप्रमाणे १५ हजार अप्रत्यक्ष नोकऱ्या जमेस धरल्या, तरीही एका नोकरीमागे पाऊण कोटीहून अधिक खर्च येतो. रोजगार हमीच्या मजुराला आठ-आठ दिवस मजुरी मिळाली नाही की तिजोरीत खडखडाट असल्याचे सांगणाऱ्या राज्यव्यवस्थेची ही दानशूरता पाहून थक्क व्हावे लागते.

धोलेरा येथील टाटा समूहाचा ९१ हजार कोटींचा कारखाना याहून निश्चितच वरच्या दर्जाचा आहे, कारण तो छापखाना आहे. त्याला फेब्रुवारी २०२४ मध्ये मंजुरी मिळाली. त्याच्या तंत्रज्ञानाला जुने म्हणून हिणवणाऱ्यांच्या पंक्तीत मी बसणार नाही. २८ नॅनोमीटर म्हणून ओळखले जाणारे तंत्र जगात २०११ च्या सुमारास प्रचारात आले हे खरे. पण मोटारी, वीजमीटर, पंप, वैद्यकीय उपकरणे यांना लागणाऱ्या बहुतेक चिप या वा याहून जुन्या तंत्रानेच बनतात. आक्षेप निराळा आहे. तंत्र तैवानच्या पॉवरचिप कंपनीचे, प्रकल्पखर्चाचा निम्मा भार केंद्राच्या अनुदानाचा, राज्याच्या सवलती त्यावर आणखी. आणि एवढे करून जनतेच्या वाट्याला त्या कंपनीचे भागभांडवल किती, तर काही नाही. हे अनुदान आहे, गुंतवणूक नव्हे. नुकसान झाले तर ते समाजाचे, नफा झाला तर तो भागधारकांचा. याला ‘आत्मनिर्भरता’ म्हणायचे असेल, तर परावलंबन कशाला म्हणावे?

सुशिक्षित कुळांची फौज

यावर उत्तर येते की आराखड्याची चिंता नको, कारण जगातील चिप-आराखडाकारांपैकी सुमारे एक-पंचमांश भारतीयच आहेत. सरकार हा आकडा मोठ्या अभिमानाने सांगत असते. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने १९८५ साली बंगळूरमध्ये आपले केंद्र काढले, तेव्हापासून बंगळूर, हैदराबाद, नोएडा, पुणे येथे हजारो अभियंते जगातील अत्याधुनिक चिपचे आराखडे करीत आले आहेत. त्यांच्या बुद्धीविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु त्यांनी केलेल्या आराखड्याची मालकी कोणाकडे जाते? ज्या कंपनीचे ते नोकर आहेत, त्या कंपनीच्या परदेशातील मुख्यालयाकडे.

महाराष्ट्राच्या शेतकऱ्याला हे नाते नवे नाही. जमीन कसायची कुळाने आणि खंड न्यायचा जमीनदाराने. आजचे कूळ वातानुकूलित कचेरीत बसते, त्याला पगार चांगला मिळतो, ते मोटारीतून हिंडते. पण आर्थिक नाते तेच आहे. वेतन येथे राहते आणि खंड तेथे जातो. ‘कसेल त्याची जमीन’ ही घोषणा ज्या देशाने एकेकाळी कायद्यात उतरवली, त्या देशाने ‘आखेल त्याचा आराखडा’ असे म्हणायला का कचरावे? त्यातही हे अभियंते घडवणारी आयआयटी आणि शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालये जनतेच्या पैशावर उभी आहेत, हे विसरून कसे चालेल?

इतिहास काय सांगतो?

खाजगी भांडवलाच्या साहसातूनच चिप-उद्योग जन्मला, ही एक लाडकी दंतकथा आहे. इतिहास नेमका उलट आहे. परिपथाची चाचणी संगणकावर घेणारा ‘स्पाइस’ हा कार्यक्रम १९७३ च्या सुमारास कॅलिफोर्निया राज्याच्या बर्कली येथील सार्वजनिक विद्यापीठात तयार झाला आणि जगभर मुक्तपणे वाटला गेला. आजच्या महागड्या लेखण्यांच्या पूर्वजांत त्याचे स्थान मोठे आहे. १९८१ साली अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पैशाने ‘मोसिस’ ही सेवा सुरू झाली. अनेक विद्यापीठांतील विद्यार्थ्यांचे आराखडे एकाच चकतीवर एकत्र छापायचे आणि खर्च वाटून घ्यायचा, ही तिची पद्धत. सहकाराचे हे तत्त्व मराठी वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही. त्या सेवेतून आराखडाकारांची एक पिढीच तयार झाली.

तैवानचे उदाहरण तर आपल्या धोरणकर्त्यांनी रोज सकाळी आठवावे असे आहे. आज जगातील सर्वात प्रगत चिप छापणारी टीएसएमसी ही कंपनी १९८७ साली स्थापन झाली, तेव्हा तिच्या भागभांडवलात तैवानच्या सरकारी निधीचा वाटा सुमारे ४८ टक्के होता. तिचे तंत्र आणि तिची माणसे १९७३ साली स्थापन झालेल्या सरकारी संशोधन संस्थेतून आली होती. तैवानचे सरकार समाजवादी होते असे कोणी म्हणणार नाही. पण पैसा दिला तर भाग घ्यावा, एवढा साधा व्यवहार त्याला कळत होता.

विरुद्ध बाजूचे उदाहरण ब्रिटनचे. १९७८ साली मजूर पक्षाच्या सरकारने सार्वजनिक पैशातून ‘इनमॉस’ ही चिप कंपनी उभी केली. ५ कोटी पौंड भांडवल दिले. अनेक प्रक्रियकांना एकमेकांशी जोडून एकत्र काम करायला लावणारी ‘ट्रान्सप्यूटर’ ही तिची चिप काळाच्या पुढे होती. १९८४ साली थॅचरबाईंच्या सरकारने ती कंपनी खाजगी मालकाला विकली. पाच वर्षांत ती ब्रिटनबाहेरच्या कंपनीच्या हाती गेली. या कथेचा एक धागा पुण्याशी जुळतो. अमेरिकेने आपल्याला हवा असलेला शक्तिशाली क्रे महासंगणक नाकारल्यावर १९८८ साली पुण्यात ‘सी-डॅक’ची स्थापना झाली आणि १९९१ साली तेथे ‘परम ८०००’ तयार झाला. त्याच्या पोटात याच ट्रान्सप्यूटर चिप होत्या. म्हणजे ब्रिटिश जनतेच्या पैशातून झालेली चिप आणि भारतीय जनतेच्या पैशातून झालेला संगणक यांनी मिळून महासत्तेचा नकार निष्प्रभ केला. एकाही खाजगी उद्योगपतीने तोवर त्या वाटेवर पाऊल टाकलेले नव्हते.

आणि अमेरिका? खाजगी भांडवलाच्या त्या माहेरघरात ऑगस्ट २०२५ मध्ये काय घडले, हे आपल्या उजव्या अर्थपंडितांनी जरूर पाहावे. चिप-कायद्याखालील व अन्य अनुदानापोटी देय असलेल्या ८ अब्ज ९० कोटी डॉलरच्या बदल्यात अमेरिकी सरकारने इंटेल कंपनीचा जवळजवळ दहा टक्के हिस्सा स्वतःकडे घेण्याचे ठरवले. ट्रम्प यांना समाजवादाची बाधा झाली, असे कोणी समजू नये. त्यांचे हेतू निराळेच आहेत आणि त्या भागांबरोबर सरकारला संचालक मंडळावर जागाही मिळालेली नाही. परंतु फुकटचा पैसा देऊ नये, एवढे त्यांनाही उमगले. आपल्याला मात्र उमगत नाही.

मोहालीचा दाखला

सरकारी कारखाना म्हणताच आपले विरोधक मोहालीकडे बोट दाखवतात. दाखवू द्या, आपणही तिकडे नीट पाहू. मोहालीच्या सरकारी चिप-कारखान्यात १९८४ साली उत्पादन सुरू झाले, म्हणजे टीएसएमसीच्या जन्माच्याही तीन वर्षे आधी. १९८९ साली आगीने तो भस्मसात झाला. त्याची पुन्हा उभारणी होण्यास अनेक वर्षे लागली आणि तोवर जग पुढे निघून गेले. नंतरच्या सरकारांनी त्याला ना पुरेसे भांडवल दिले, ना स्वायत्तता. नोकरशाहीने सार्वजनिक क्षेत्राचे काय केले, हे समाजवाद्यांनी दडवून ठेवण्याचे कारण नाही. परंतु उपासमार करून माणूस अशक्त झाला म्हणजे त्याची जातच दुबळी, असा निष्कर्ष काढणे हा अप्रामाणिकपणा आहे.

आणि या अशक्त माणसाने केलेले काम पाहा. मद्रासच्या आयआयटीतील ‘शक्ती’ प्रकल्पाची चिप २०१८ साली छापली गेली ती मोहालीत. मुंबईच्या आयआयटीने आखलेला व २०१९ साली जाहीर झालेला ‘अजित’ हा प्रक्रियकही मोहालीतच छापला गेला. इस्रोच्या प्रक्षेपकांसाठीचा ‘विक्रम ३२०१’ हा २०२५ साली पुढे आलेला प्रक्रियकही तेथलाच. तंत्र १८० नॅनोमीटरचे, जुने. पण आराखडा आपला, छपाई आपली, मालकी आपली. कोट्यवधींचे अनुदान लाटणाऱ्यांपैकी कोणाला अद्याप असे म्हणता आले आहे?

आयातच करावी, असे म्हणणाऱ्यांस

दुसऱ्या टोकाला काही मुक्त बाजारवादी असेही म्हणतात की या खटाटोपाची गरजच नाही. ज्याला जे स्वस्तात जमते ते त्याने करावे, चिप आयात कराव्यात. तुलनात्मक लाभाचा हा सिद्धांत वर्गात शिकवायला सुरेख आहे. मीही तो अनेक वर्षे शिकवला. पण त्यात एक गृहीत दडलेले असते, ते म्हणजे विक्रेता विकायला सदैव तयार आहे. २०२१ च्या सप्टेंबरात चिपच्या तुटवड्यामुळे मारुतीचे उत्पादन नेहमीच्या सुमारे चाळीस टक्क्यांवर आले. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने प्रगत चिपच्या निर्यातीसाठी देशांची प्रतवारी केली, तीत भारत पहिल्या प्रतीत नव्हता. मे महिन्यात तो नियम मागे घेतला गेला, पण आपल्या आंदोलनामुळे नव्हे, त्यांच्या सोयीने. त्याच मे महिन्यात अमेरिकेने चीनला आराखड्याची साधने विकण्यावर बंधने घातली आणि जुलैमध्ये उठवली. आज चीनच्या हातून लेखणी काढून घेतली. उद्या आपल्या हातून काढून घेतली तर? आपले सरकार शेकडो शिक्षणसंस्थांना याच परदेशी लेखण्या सवलतीने उपलब्ध करून देते, हे स्तुत्य आहे. परंतु भाड्याची लेखणी ती भाड्याचीच.

घराघरात शिरलेली चिप

कोणी म्हणेल, गरिबाला या चिपशी काय कर्तव्य? उलट गरिबालाच कर्तव्य अधिक आहे. महासंगणकातील चिपविषयी वर्तमानपत्रे लिहितात; पण आपल्या आयुष्यावर राज्य करते ती यंत्रांच्या पोटात बसवलेली, कोणाला न दिसणारी नियंत्रक चिप. देशात २५ कोटी स्मार्ट मीटर बसवण्याचे उद्दिष्ट केंद्राने २०२१ च्या योजनेत ठरवले. अशा मीटरमधील चिप वीज मोजते, माहिती दूर पाठवते आणि वरून हुकूम येताच घरातील दिवा विझवू शकते. महाराष्ट्रात २०२४ साली लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा सर्वसामान्य ग्राहकांना प्रीपेड स्मार्ट मीटर लावणार नाही, असे सरकारला जाहीर करावे लागले. रेशन दुकानातील यंत्राने बोटाचा ठसा ओळखला नाही, तर म्हातारीला धान्यावाचून परतावे लागते. या यंत्रांच्या पोटात काय लिहिले आहे, ते ना ग्राहकाला ठाऊक, ना दुकानदाराला, ना तहसीलदाराला.

बंद पेटीवर आंधळा विश्वास टाकल्यास काय होते, याचा धडा २०१५ साली फोक्सवॅगनने जगाला दिला. इंजिनात इंधन केव्हा आणि किती सोडायचे, याचा निर्णय सेकंदाच्या हजाराव्या भागात घेणारी नियंत्रक यंत्रणा त्या कंपनीच्या डिझेल मोटारींत होती. गाडीची तपासणी चालू आहे, हे ओळखून ती यंत्रणा तेवढ्यापुरता विषारी धूर कमी करी; रस्त्यावर आल्यावर पुन्हा मोकाट. जगभरातील सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत ही लबाडी होती. आपल्याकडे पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनच्या चाचण्यांनंतर त्या वर्षाच्या डिसेंबरात सुमारे ३ लाख २३ हजार गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. जर्मनीची नामांकित कंपनी हे करू शकते, तर कंत्राटी मीटरवाल्यावर कोणत्या आधारे विसंबायचे?

नवे गायरान

निराशेचे मात्र कारण नाही, कारण याच क्षेत्रात एक नवे गायरान निर्माण झाले आहे. २०१० साली त्याच बर्कली विद्यापीठात ‘रिस्क-फाइव्ह’ नावाचा आज्ञासंच तयार झाला आणि तो सर्वांसाठी खुला ठेवण्यात आला. ही भाषा वापरण्यास कोणाचा परवाना लागत नाही, रॉयल्टी द्यावी लागत नाही. कोणा एका देशाच्या कायद्याने तिची गळचेपी होऊ नये, म्हणून तिचा सांभाळ करणारी संस्था २०२० साली स्वित्झर्लंडमध्ये नोंदवली गेली. मद्रासची ‘शक्ती’ याच भाषेत लिहिली आहे आणि तिचे आराखडेही खुले आहेत. सी-डॅकचे ‘वेगा’ प्रक्रियकही याच भाषेतले आहेत.

पण गायरानाचा इतिहास आपण जाणतो. कुंपण घालायला धनदांडगे नेहमी टपलेले असतात. रिस्क-फाइव्हची भाषा खुली असली, तरी तीत लिहिलेला आराखडा खाजगी ठेवण्याची मुभा आहे, आणि जगातील बड्या कंपन्या नेमके तेच करीत आहेत. जनतेच्या पैशातून झालेले आराखडे आपण खुले ठेवले नाहीत, तर खुल्या भाषेतही खाजगी मक्तेदारी नांदू शकेल.

आपल्या मागण्या

तेव्हा केवळ टीका करून न थांबता समाजवादी पक्षांनी संसदेत, विधानसभेत आणि रस्त्यावर पुढील मागण्या निःसंदिग्धपणे मांडल्या पाहिजेत.

पहिली मागणी: जेवढे अनुदान, त्या प्रमाणात भागभांडवल. यापुढे कोणत्याही चिप-कारखान्याला फुकट पैसा मिळता कामा नये. सरकारचा हिस्सा, लाभांश आणि संचालक मंडळात जागा, यांपैकी जागेत कामगारांचे प्रतिनिधीही, ही अट असावी. आजवर झालेले करार जसेच्या तसे प्रसिद्ध करावेत.

दुसरी: शंभरातील सव्वा रुपया ही आराखड्याची विटंबना थांबवावी. सार्वजनिक विद्यापीठांना, सी-डॅकला व मोहालीला मोठे आणि दीर्घ मुदतीचे भांडवल द्यावे. मोसिसच्या धर्तीवर प्रत्येक अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्याला स्वतःची चिप छापून घेता यावी. त्या पैशातून होणारे आराखडे आणि आराखड्याची साधने खुली असावीत. आणि जो त्यात भर घालील त्याने ती भरही खुली करावी.

तिसरी: सार्वजनिक मागणी हे आपले सर्वात मोठे शस्त्र आहे. मीटर, रेशनची यंत्रे, एसटीची तिकिटयंत्रे, सरकारी रुग्णालयांतील उपकरणे यांतील चिप आणि तीवरील कार्यक्रम तपासणीस खुले असल्याखेरीज खरेदी करू नयेत. यांना दोन नॅनोमीटरची जादू लागत नाही. मोहालीचे आणि उद्या धोलेऱ्याचे तंत्र पुरेसे आहे. कोट्यवधी नगांची ही हमखास बाजारपेठ देशी आराखडाकाराला मिळाली, तर त्याला परदेशी मालकाच्या दारी जावे लागणार नाही.

चौथी: कामगार आणि पाणी. दक्षिण कोरियात सॅमसंगच्या चिप-कारखान्यांतील कामगारांना झालेल्या रक्ताच्या कर्करोगासाठी अनेक वर्षांच्या लढ्यानंतर कंपनीला २०१८ साली जाहीर माफी मागावी लागली. तेथे वापरल्या जाणाऱ्या रसायनांची माहिती कामगाराला आणि त्याच्या संघटनेला मिळणे हा हक्क आहे, मेहेरबानी नव्हे. तसेच चिप धुण्यास अतिशुद्ध पाणी अफाट प्रमाणात लागते. २०२१ च्या दुष्काळात तैवानने हजारो हेक्टर शेतीचे सिंचन बंद करून कारखाने चालू ठेवले. धोलेऱ्याच्या भाल प्रदेशासारख्या कोरड्या, क्षारपड मुलखात शेतकऱ्याचे पाणी आधी की कारखान्याचे, हे आजच ठरवले पाहिजे.

या मागण्यांना अव्यवहार्य म्हटले जाईल. कुळकायद्यालाही म्हटले होते. तैवानने सरकारी भाग घेतला, तो व्यवहार. अमेरिकेने घेतला, तोही व्यवहार. भारतीय जनतेने आपल्याच पैशाचा हिशेब मागितला, तर मात्र ते स्वप्नरंजन, हा न्याय आपण मान्य करता कामा नये. उद्या पुन्हा एखादा प्रकल्प महाराष्ट्रात येण्याची किंवा महाराष्ट्रातून जाण्याची वार्ता येईल आणि पुन्हा अस्मितेचे ढोल वाजू लागतील. त्या वेळी ढोलाच्या तालावर नाचण्याआधी आपल्या आमदाराला प्रत्येकाने एकच प्रश्न विचारावा: यात पैसा किती आमचा, आणि मालकी किती आमची? त्याला उत्तर देता आले नाही, तर कारखाना कोणत्या राज्यात आहे याने काही फरक पडत नाही. तो आपला नव्हेच.